नव्वदीची लाकडी बोट घ्यावी का?

गेले काही महिने एका बोटीने माझ्या डोक्यात ठाण मांडलं आहे. १९३०च्या दशकात बांधलेली, साधारण ४५ फुटी, दोन इंजिनांची लाकडी मोटर यॉट. ब्रिटनमधल्या एका नदीकाठच्या यार्डात ती टेकूंवर उभी आहे, वरून ताडपत्री घातली आहे आणि वय झालं म्हणून मालकाला ती विकायची आहे. निर्णय अजून झालेला नाही आणि विषय मनातून जातही नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो.

माझं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. मर्चंट नेव्हीत ज्युनियर म्हणून चढलो, चीफ इंजिनियर म्हणून उतरलो. पण ती सगळी पोलादी जहाजं. पोलादाचं गणित मला कळतं. प्लेटची जाडी मोजायची, मर्यादेपेक्षा कमी भरली तर तेवढा तुकडा कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. लाकडी बोटीत तसा आकडा कुणी तुमच्या हातात देत नाही. एकाच फळीचं एक टोक दगडासारखं टणक आणि दुसरं बोटाने दबणारं असू शकतं, आणि वरचा रंग दोन्हीकडे सारखाच चकचकीत असतो. हे शिकायला मिळतंय याचाच मला मोठा आनंद आहे.

बोटीचं वर्णन केल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सरळ उभी, पाण्यात सुरी घालावी तशी. मागचा भाग चौकोनी तोडलेला नाही, निमुळता होत मिटलेला आहे. मध्यभागी सागवानी व्हीलहाउस, म्हणजे बोट हाकायची खोली, त्याच्या काचा पितळी चौकटीत वरखाली सरकणाऱ्या, आणि चौकटीला धरायला चामडी पट्टा. तळाच्या फळ्या पिचपाइनच्या, बरगड्या ओकच्या. बसायच्या खोलीत दोन बाक, मध्ये घडीचं टेबल, आणि त्या टेबलाच्या कडेला इतक्या हातांनी झिजलेली एक खोलगट जागा की तिथे आपला तळवा आपोआप जाऊन बसतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा बोटींना चांगले दिवस होते. इंजिनं भरवशाची झाली होती, त्यामुळे पगारी खलाशांचा ताफा न ठेवता डॉक्टर, वकील, छोटे कारखानदार स्वतः बोट हाकू लागले. स्कॉटलंडमध्ये रोझनीथला सिल्व्हर्सचं यार्ड होतं, तिथल्या जॉन बेन यांनी आखलेल्या बोटी आजही लोक रेषेवरून ओळखतात. थेम्सवर हॅम्प्टनला थॉर्निक्रॉफ्टचं यार्ड होतं. मी बघतोय ती बोट एवढ्या नावाजलेल्या घराण्यातली नाही. एका लहान यार्डात, बहुधा त्याच पाच-सहा सुतारांच्या हातून, एकामागून एक अशा बांधल्या गेलेल्या बोटींपैकी ती एक आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

सागवानाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका पाण्यावर तरंगते आहे. ती १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधली. मी तिच्या डेकखाली गेलो तेव्हा तिथल्या जाडजूड तुळयांना हात लावून बराच वेळ उभा राहिलो. सागाच्या लाकडातच तेल असतं, त्यामुळे ते सहजी कुजत नाही, आणि त्यात ठोकलेल्या लोखंडाशीही त्याचं जमतं. ओकचं तसं नाही. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे आतून खात जातं, आणि गंज फुगला की तो खिळा उलट ओकलाच फाडतो. म्हणून अशी बोट बघताना माझा पहिला प्रश्न असतो की खिळे तांब्याचे की लोखंडाचे. या बोटीत फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी जोडल्या आहेत. आतल्या बाजूने प्रत्येक खिळ्यावर तांब्याची छोटी चकती घालून टोक तिच्यावर रिव्हेट केलं आहे. कीलचे, म्हणजे बोटीच्या तळाच्या मध्यावरच्या कण्याचे, बोल्ट मात्र लोखंडी आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

आता खरा मोह.

व्हीलहाउसमध्ये चाकाच्या वर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर 'डंकर्क १९४०' असं कोरलेलं आहे. विक्रीच्या जाहिरातीत शब्द जरा सांभाळून वापरले आहेत, 'ही बोट डंकर्कला गेल्याचं मानलं जातं'. ज्याला समुद्राचं थोडं वेड आहे त्याला हे चार शब्द पुरेसे असतात.

ती हकीकत थोडक्यात सांगतो. १९४०च्या मे महिन्यात ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर डंकर्कपाशी कोंडलं गेलं. २६ मे ते ४ जून या काळात ३,३८,२२६ सैनिकांना समुद्रमार्गे बाहेर काढलं. त्याआधीच, १४ मे रोजी, बीबीसीवरून नौदलाचा आदेश वाचून दाखवला गेला होता. ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या सगळ्या खासगी नौकांच्या मालकांनी १४ दिवसांत आपल्या बोटीची माहिती कळवावी. ४५ फुटी मोटर यॉट त्या आदेशात चपखल बसते. उथळ किनाऱ्याजवळ मोठी जहाजं जाऊ शकत नव्हती, तिथे या बोटींनी गळ्यापर्यंत पाण्यात उभी असलेली माणसं उचलून बाहेर थांबलेल्या जहाजांवर पोचवली. बऱ्याच बोटींवर मालक नव्हते, नौदलाचे लोक होते. आणि आकड्यांत पाहिलं तर दोन तृतीयांशांहून जास्त सैनिक किनाऱ्यावरून नाही, तर बंदरातून, मुख्यतः तिथल्या लांबलचक धक्क्यावरून मोठ्या जहाजांवर चढले. त्याने छोट्या बोटींचं मोल कमी होत नाही. किनाऱ्यावरून निघालेले ९८ हजारांहून अधिक लोक तिथेच राहिले असते.

काही मालक स्वतः गेले. चार्ल्स लाइटोलर हे 'टायटॅनिक'वरच्या वाचलेल्या अधिकाऱ्यांमध्ये सर्वांत वरिष्ठ. निवृत्तीनंतर त्यांनी नौदलाची एक जुनी पिनेस, म्हणजे जहाजासोबतची छोटी बोट, घेऊन तिची 'सनडाउनर' नावाची मोटर यॉट केली होती. ५८ फुटांची. १ जून १९४० रोजी ते मुलाला आणि एका तरुण सी स्काउटला घेऊन गेले आणि सुमारे १३० माणसं घेऊन परतले. ५८ फुटांत १३० माणसं म्हणजे काय, हे मी त्या ४५ फुटी बोटीच्या डेकवर उभं राहून पावलांनी मोजून पाहिलं. खाली केबिनमध्ये, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, न्हाणीघरात, सगळीकडे माणसं दाटीने भरली तरच एवढी मावतात. इतकी माणसं वर उभी राहिली तर बोट कलंडू शकते, म्हणून आधी खालचा भाग भरायचा आणि खाली गेलेल्यांना आडवं व्हायला सांगायचं, हे इंजिनियरच्या नजरेलाही लगेच कळतं. त्या माणसाचं धैर्य मोठं होतंच, पण स्वतःच्या बोटीची त्यांना असलेली जाण मला तेवढीच मोठी वाटते.

अशी पाटी असलेल्या बोटीत उभं राहिल्यावर मन ताळ्यावर राहणं कठीण आहे. घरी येऊन मी हे सगळं हिला भडाभडा सांगितलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही बोट बघताय की गोष्ट?"

ही आयुष्यभर ऑडिटमध्ये होती. तिचा प्रश्न मला अडवणारा नव्हता, तिला खरंच उत्तर हवं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून आधी कागद पाहायचे ठरवले.

पाटी कुणीही कोरून घेऊ शकतो. डंकर्कला गेलेल्या बोटींची एक संघटना आहे. १९६५ साली, २५ वर्षं झाल्याच्या निमित्ताने, बोटींचा एक ताफा पुन्हा डंकर्कला गेला होता, त्यातून ती उभी राहिली. पुराव्याची छाननी झाल्याशिवाय बोट त्यांच्या यादीत जात नाही. आमच्या बोटीचं नाव त्या यादीत नाही. पण त्यावरून ती गेलीच नाही असंही म्हणता येत नाही. त्या आठवड्यात सगळ्याच बोटींची नोंद ठेवायला कुणाला सवड नव्हती, आणि नंतर बोटींची नावंही बदलली गेली.

नाव बदललं तरी एक गोष्ट बदलत नाही, अधिकृत नोंदणी क्रमांक. रीतसर नोंदवलेल्या ब्रिटिश बोटीच्या मुख्य तुळईवर हा क्रमांक आणि टनेज, म्हणजे बोटीच्या आकारमानाचं माप, कोरलेलं असतं. मी टॉर्च घेऊन पुढच्या केबिनच्या छताखाली गेलो. रंगाचे इतके थर होते की आकडे दिसतच नव्हते, बोटानेच चाचपावे लागले. मग एका कागदावर पेन्सिल आडवी घासून त्याचा ठसा घेतला. तो क्रमांक धरून लॉइड्सच्या यॉट रजिस्टरचे जुने खंड पाहता येतात. हे रजिस्टर १८७८पासून १९८०पर्यंत निघत होतं. त्यात बोटीचं नाव, आधीचं नाव, बांधणारं यार्ड, साल, इंजिन आणि मालक एका ओळीत असतात. खंडामागून खंड लावून पाहिले की मालक बदललेले दिसतात, इंजिन बदललेलं दिसतं, मधली युद्धाची पोकळी दिसते. ही त्या ओळी वहीत उतरवत होती आणि मी वाचून दाखवत होतो. निवृत्तीनंतर आम्ही इतके रमलेलो मला आठवत नाही.

युद्धात ही बोट नौदलाकडे होती याचा पुरावा मला रजिस्टरच्या आधी बोटीतच मिळाला. व्हीलहाउसच्या बाकाखाली एक कप्पा आहे. त्याच्या आतल्या कोपऱ्यात कुणी कधी नीट घासकाम केलेलं नाही. तिथला रंग नखाने खरवडला तर वर पांढरा, त्याखाली मळकट पिवळसर, त्याखाली फिकट हिरवा आणि त्याखाली राखाडी. युद्धनौकांचा राखाडी. त्याच्याही खाली थेट व्हार्निश. म्हणजे नव्या कोऱ्या, व्हार्निश मारलेल्या लाकडावर कुणीतरी घाईने राखाडी रंग ओढला. पुढच्या डेकखालच्या तुळयांना चार मोठी भोकं लाकडी खुंट्या मारून बुजवलेली आहेत, चौकोनात. तिथे काहीतरी जड वस्तू बोल्टने बसवलेली होती. तोफ असेल, खेचयंत्र असेल. नौदलाने त्या काळात अशा कितीतरी बोटी ताब्यात घेतल्या आणि बंदरातल्या गस्तीला, माणसं आणि सामान ने-आण करायला वापरल्या. त्या कामाला कुणी पाट्या लावत नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री बंदराच्या तोंडाशी फेऱ्या मारणारी बोट आणि तिच्यावर थंडीत कुडकुडणारी दोन-तीन पोरं, हेही युद्धच होतं. हा राखाडी थर मी आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे तो मला पाटीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आमचं मत इथे पक्कं झालं. बोट डंकर्कला गेली नसली तरी मला ती हवी आहे. आणि गेली असली पण कीलपाशी सडलेली असली, तर मला ती नको आहे.

इतिहासाच्या जोरावर लाकडी बोट तगत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. 'सिकोया' ही १०४ फुटी मोटर यॉट १९२५ साली बांधली, आखणी जॉन ट्रम्पी यांची. हूव्हरपासून फोर्डपर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांनी ती वापरली. १९७७ साली कार्टर यांनी खर्च कमी करण्यासाठी ती विकली. पुढे मालकीचे वाद न्यायालयात गेले आणि बोट व्हर्जिनियातल्या एका यार्डात अपुऱ्या टेकूंवर पडून राहिली. २०१६च्या निकालात न्यायाधीशांनी तिच्या दुरवस्थेचं वर्णन करताना तिच्यात रॅकून राहायला आल्याचं लिहिलं आहे. राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा तिला १९८७ सालीच मिळालेला होता. दर्जा होता, कीर्ती होती, फक्त दर हिवाळ्यात ताडपत्री बांधणारं आणि दर वसंतात सांधे तपासणारं माणूस नव्हतं. ब्रिटनमध्येही ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही आहे. ५० वर्षांहून जुनी आणि ३३ फुटांहून लांब, ब्रिटनशी नातं असलेली नौका तिच्यात जाऊ शकते. पण नाव नोंदवलं म्हणून बोटीला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. ती मोडीत काढायची तर मालक काढू शकतो.

मग हिने दुसरी फाइल उघडली, दुरुस्त्यांच्या बिलांची. मालकाने ती जिवापाड सांभाळली आहे, आधीच्या मालकांचीही बिलं तिच्यात आहेत. मी ती नुसती चाळली होती. हिने ती तारखेप्रमाणे लावली, आणि दोन गोष्टी माझ्यासमोर ठेवल्या. एक, मधली बरीच वर्षं एकही बिल नाही, ना रंगाचं, ना पाण्यातून वर काढल्याचं. दुसरी, त्या पोकळीनंतरच्या पहिल्या मोठ्या बिलात उजव्या बाजूच्या बरगड्यांना जोड दिल्याचा खर्च आहे. डाव्या बाजूचा उल्लेखच नाही.

"उजव्या बाजूला पाणी शिरलं आणि डाव्या बाजूला नाही, असं होतं का?" हिने विचारलं.

होऊ शकतं. बोट एका कुशीवर कललेली पडली असेल तर होऊ शकतं. पण पैसे संपले म्हणून काम अर्ध्यावर थांबलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. इतकी वर्षं यंत्रं दुरुस्त करून मला एवढं कळलं आहे की नोंदवहीत पोकळी असते तिथेच बिघाड शोधायचा असतो. आणि बोटीचा इतिहास म्हणतात तो हाच, या बिलांत आहे तो. कुणी कोणत्या साली कोणती फळी बदलली, कोणत्या लाकडाची घातली, कोणत्या मालकाने हात राखून काम केलं आणि कोणाला ते परवडलं नाही. बोट आज उभी आहे ती या माणसांमुळे.

त्या पोकळीच्या वर्षांत काय झालं असेल, हे लाकडाच्या स्वभावावरून सांगता येतं. लोकांना वाटतं बोटीला धोका खालच्या पाण्याचा. खरा शत्रू वरून येतो, पावसाचं पाणी. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर गेला आणि हवा खेळती नसली की कुजवणारी बुरशी धरते. खारं पाणी तिला मानवत नाही. जुने जहाजबांधणीवाले बरगड्यांच्या मधल्या पोकळीत चक्क मीठ भरून ठेवत. डेकच्या एका सांध्यातून थेंब थेंब झिरपणारं गोडं पाणी मात्र तुळईच्या टोकावर साचतं, तिथून बरगडीच्या डोक्यात उतरतं आणि आतल्या आत लाकूड खात जातं. म्हणून मी हल्ली कुठलीही लाकडी बोट पाहिली की आधी डेकच्या कडेखाली हात घालतो आणि वास घेतो. कुजलेल्या ओकचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

दुसरा शत्रू माझ्याच धंद्यातला, वीज. पोलादी जहाजावर आम्ही जस्ताचे ठोकळे सढळ हाताने लावायचो, कारण तिथे गंज जस्ताला लागतो आणि पोलाद वाचतं. लाकडी बोटीत तोच सढळपणा घातक ठरतो. ब्राँझच्या फिटिंगभोवती जस्त गरजेपेक्षा जास्त झालं की धातू सुरक्षित राहतो, पण त्याच्या पृष्ठभागावर अल्कली तयार होते आणि ती लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन विरघळवते. त्याच यार्डातल्या दुसऱ्या एका बोटीत मला हे बघायला मिळालं. प्रोपेलरचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथे आतल्या बाजूला पांढरी, खरखरीत भुकटी जमली होती. ती पुसली तर खालचं लाकूड लोकरीसारखं मऊ, बोटाच्या चिमटीत सुटून येणारं. ब्राँझ मात्र नव्यासारखं लखलखीत. आमच्या बोटीत तिथे भुकटी नाही, लाकूड घट्ट आहे. मी दोनदा खात्री करून घेतली.

फायबरग्लासचा थर चढवलेली जुनी लाकडी बोट मी घेणार नाही, हेही ठरवून टाकलं आहे. दिसायला तो सोपा उपाय वाटतो, सांधे गळायचे थांबतात. पण लाकूड आतून ओलं होतच राहतं आणि ओल बाहेर पडायची वाट बंद होते. आतली कूज झाकली जाते, आणि बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या हातोडीलाही ती नीट कळत नाही. तसंच दुहेरी तिरक्या फळ्यांच्या बोटींचं. त्यांत फळ्यांचे दोन थर उलटसुलट तिरके असतात आणि मध्ये तेलात भिजवलेलं कापड. बांधणी देखणी आणि मजबूत, पण मधलं कापड गेलं की गळती एकीकडून आत शिरते आणि भलतीकडे बाहेर पडते. फळ्यांचा एकच थर, फळीच्या कडेला फळी, मधल्या फटीत ठोकून भरलेलं सूत आणि वर लांबीचा (पुट्टीचा) लेप, ही साधी बांधणी मला जवळची वाटते. तिच्यात काय बिघडलं ते दिसतं, आणि बिघडलेली एक फळी काढून नवी बसवता येते.

इंजिनांबद्दल मात्र मी निर्धास्त आहे. मूळची पेट्रोल इंजिनं केव्हाच गेली, त्यांच्या जागी दोन गार्डनर डिझेल आहेत, १९३०च्या दशकात निघालेल्या एलडब्ल्यू मालिकेतली, चार-चार सिलिंडरची. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला ही इंजिनं बनायची, बस-ट्रकमध्येही हीच असायची. प्रत्येक सिलिंडर १.४ लिटरचा, चाल संथ. सिलिंडरमधला दाब सोडणारे डीकॉम्प्रेशनचे खटके उचलून मी चाक हाताने फिरवून पाहिलं. कुठेही न अडखळता सबंध फेरा आला, आणि खटके एकेक करून सोडल्यावर प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला कळला. तेल काळं होतं पण त्यात पाणी नव्हतं. इंजिनांखालच्या तळात मात्र वर्षानुवर्षांचं डिझेल आणि तेल मुरलेलं आहे. त्याने लाकूड टिकतं असं यार्डातले जुने लोक सांगतात. मला ते पटतं, पण नवा रंग त्यावर धरणार नाही हेही दिसतं.

राहिले कीलचे लोखंडी बोल्ट. ते ओकमधून आरपार गेलेले आहेत आणि ओकचं लोखंडाशी काय वैर आहे ते वर लिहिलंच आहे. वरून नट ठणठणीत दिसतो, खालून डोकं दिसतं, आणि मधला भाग, जिथे दोन लाकडांचा सांधा येतो तिथे, कमरेत बारीक होत होत पेन्सिलीएवढा उरलेला असू शकतो. एकच उपाय, बोल्ट उपसून बघणं. त्यासाठी बोट टेकूंवर आणखी वर घ्यावी लागते, हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचा खर्च घेणाऱ्यालाच करावा लागतो. बोट आपली नसताना तिच्यावर पैसे घालणं काहींना जिवावर येतं. मला ते तपासणीच्या फीसारखं वाटतं, आणि ती चुकवणाऱ्याने या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक विचार आम्ही दोघांनी खूप केला. अशी बोट वर्षभर माणूस मागते. ती फार काळ कोरड्या जागी ठेवली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात सोडली की पहिल्या दिवशी सगळीकडून पाणी येतं, आणि फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पंप चालू ठेवून कुणीतरी बोटीवर झोपावं लागतं. दर वर्षी तळाला रंग, दर वर्षी व्हार्निश, डेकचे सांधे सतत डोळ्यांखाली. मला हे काम करायचं आहे. बोटीतून कुठे जाण्याइतकंच मला ते करायचं आहे, कदाचित त्याहून जास्तच. सकाळी उठून हाताने करायला नेमकं काम असावं, ज्याचा परिणाम संध्याकाळी दिसतो, याची ओढ मला जहाज सोडल्यापासून आहे. हिला पाण्यावर राहायला आवडतं आणि कागद आवडतात. तिने त्या बोटीच्या सगळ्या मालकांची वंशावळच करायला घेतली आहे.

म्हणून आम्ही सौदा बोललो, पण अटींवर. लाकडी बोटींचाच अनुभव असलेला स्वतंत्र सर्व्हेअर आम्ही नेमणार. कीलचे दोन बोल्ट, एक पुढचा आणि एक इंजिनांखालचा, आमच्या खर्चाने उपसले जाणार. फळ्यांचे काही खिळे काढून बघणार. तळाच्या सगळ्यात खालच्या, कीलला लागून असलेल्या फळीचं लाकूड दोन्ही बाजूंनी टोचून पाहणार. नोंदणीवर जुनं कर्ज चढलेलं नाही ना, हे रजिस्ट्रीकडून लेखी घेणार. डाव्या बाजूच्या चार-पाचपेक्षा जास्त बरगड्या गेलेल्या निघाल्या तर आम्ही थांबणार. तेवढं काम मी एका सुताराला हाताशी धरून करू शकतो, त्यापलीकडचं माझ्या हयातीत पूर्ण होईल असं मला वाटत नाही, आणि अर्धवट उघडून टाकलेली बोट म्हणजे तिला मारणंच. पाटीबद्दल किमतीत एक पैसाही धरलेला नाही, हे मालकाला मोकळेपणाने सांगितलं. त्यांनाही ते पटलं. ती त्यांना आधीच्या मालकाकडून तशीच मिळाली होती, आणि बोट गेली असं त्यांनी स्वतः कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

मालकाने सगळ्या अटी मान्य केल्या आहेत. सर्व्हेअर पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला बिलांच्या प्रती आधीच पाठवल्या आहेत, आणि सुरुवात डाव्या बाजूच्या बरगड्यांपासून कर, असं हिने त्याला फोनवर सांगितलं आहे.